लोक शेवटच्या सीनला हसले आणि ऑपेरा पडला, १४ महिन्यांनी त्याच शहराने तो डोक्यावर घेतला

सप्टेंबर २०१९. पॅरिसचं जगप्रसिद्ध ऑपेरा हाऊस, पॅले गार्निए. पडदा वर गेला आणि स्टेजवर दिसले भलेमोठे स्क्रीन. त्यावर चॅट, इमोजी, सोशल मीडियाच्या पोस्ट. कथेची नायिका व्हायोलेटा चक्क इन्फ्लुएन्सर होती. लाखो लोक तिला फॉलो करणारे, पण आजारपणात तिच्या जवळ बसायला कुणी नाही. दिग्दर्शक होता सायमन स्टोन आणि व्हायोलेटा गात होती दक्षिण आफ्रिकेची गायिका प्रिटी येंडे.

ऑपेराचं नाव होतं 'ला त्राव्हियाता'. दीडशे वर्षांहून जुना इटालियन ऑपेरा.

आता जुन्या कलाकृतीला मोबाईल चिकटवला की वाद ठरलेलाच. संगीतकाराने हे पाहिलं असतं तर त्याला काय वाटलं असतं, असं कुणीतरी विचारतंच. गंमत म्हणजे या ऑपेराच्या बाबतीत त्याचं उत्तर बऱ्यापैकी ठाऊक आहे. संगीतकाराला हा ऑपेरा पहिल्या दिवसापासून त्याच्या स्वतःच्या काळातल्या कपड्यांतच हवा होता. त्यासाठी तो भांडला होता आणि हरलाही होता.

त्या संगीतकाराचं नाव ज्युसेप्पे व्हर्डी. त्याने या ऑपेरासाठी एवढा हट्ट का धरला, हे कळायला त्याच्या घरात डोकावावं लागतं.

खाणावळवाल्याचा पोरगा

१८१३ चा ऑक्टोबर महिना. उत्तर इटलीतल्या बुसेटो गावाजवळ ले रोंकोले नावाची एक छोटी वस्ती आहे, तिथे व्हर्डीचा जन्म झाला. वडील कार्लो खाणावळ आणि किराणा दुकान चालवायचे, आई लुइजा सूत कातायची. तेव्हा हा भाग नेपोलियनच्या फ्रेंच राजवटीत होता, त्यामुळे इटलीच्या या सगळ्यात लाडक्या संगीतकाराच्या जन्माची सरकारी नोंद फ्रेंचमध्ये आहे.

पोराचा संगीताकडे ओढा दिसला तसा बापाने त्याला एक जुनं स्पिनेट आणून दिलं. स्पिनेट म्हणजे पियानोच्या आधीच्या काळातलं छोटं कळवाद्य. ते मोडकं होतं. दुरुस्तीला आलेल्या कारागिराने पोराची शिकण्याची धडपड पाहून एक पैसाही घेतला नाही आणि तसं वाद्याच्या आत लिहूनही ठेवलं.

पुढे बुसेटोतला अंतोनियो बारेझी नावाचा व्यापारी त्याच्या पाठीशी उभा राहिला. बारेझीचा धंदा किराण्याचा, पण जीव संगीतात. त्याने पोराला घरात ठेवून घेतलं, शिक्षणाचा खर्च उचलला आणि १८३२ मध्ये मिलानला पाठवलं.

मिलानच्या संगीत विद्यालयाने मात्र व्हर्डीला प्रवेश नाकारला. कारणं तीन. वय जास्त, पियानोवर हात ठेवायची पद्धत चुकीची आणि तो मिलानच्या राज्याबाहेरचा. तेव्हा इटली हा एक देश नव्हता, छोटी छोटी राज्यं होती. आज त्याच विद्यालयाला व्हर्डीचं नाव आहे.

तो मागे फिरला नाही. मिलानमध्येच खासगी शिकवणी लावली. खर्च अर्थात बारेझीचा.

दोन वर्षांत तीन मृत्यू

१८३६ मध्ये व्हर्डीने बारेझीच्या मुलीशी, मार्गेरिटाशी लग्न केलं. मुलगी झाली व्हर्जिनिया, मग मुलगा झाला इचिलिओ.

ऑगस्ट १८३८ मध्ये व्हर्जिनिया गेली. ऑक्टोबर १८३९ मध्ये इचिलिओ गेला. दोघांनाही दोन वर्षं पूर्ण झाली नव्हती. जून १८४० मध्ये मेंदूज्वराने मार्गेरिटा गेली. दोन वर्षांच्या आत सगळं घर रिकामं झालं. तेव्हा व्हर्डी होता २६ वर्षांचा.

आणि या काळात तो काय लिहीत होता? विनोदी ऑपेरा. मिलानच्या ला स्काला थिएटरशी करार झालेला, त्यामुळे तो पूर्ण करणं भाग होतं. सप्टेंबर १८४० मध्ये तो रंगमंचावर आला आणि सपशेल पडला. व्हर्डीने ऑपेरा लिहिणंच सोडायचं ठरवलं.

ला स्कालाच्या मॅनेजरने बऱ्याच मिनतवाऱ्या करून त्याच्या हातात एक नवी संहिता दिली. बॅबिलोनमध्ये बंदी असलेल्या ज्यूंची कथा. त्यातून तयार झाला 'नाबुको'. ९ मार्च १८४२ ला तो आला आणि व्हर्डी एका रात्रीत मोठा झाला. मायभूमीच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या गुलामांचं त्यातलं समूहगान पुढे इटलीच्या दुसऱ्या राष्ट्रगीतासारखं झालं.

या 'नाबुको'मधली नायिकेची भूमिका गायली होती ज्युसेप्पिना स्ट्रेपोनीने.

गावाने वाळीत टाकलेली बाई

ज्युसेप्पिना तेव्हाची गाजलेली गायिका. वडील लवकर गेल्यामुळे कुटुंबाचा भार तिच्या गळ्यावर. बाळंतपणं सुरू असतानाही ती एकामागून एक प्रयोग करत राहिली. लग्नाशिवाय झालेली मुलं दुसऱ्यांकडे वाढायला द्यावी लागली. या सगळ्यात आवाज खराब झाला आणि तिशीच्या आसपासच तिची स्टेजवरची कारकीर्द संपली. मग तिने पॅरिस गाठलं आणि गाणं शिकवायला सुरुवात केली.

१८४७ मध्ये व्हर्डी कामासाठी पॅरिसला गेला. जुनी ओळख होतीच, ती वाढली आणि दोघं एकत्र राहू लागले. लग्न न करता.

पॅरिसमध्ये कुणाला त्याचं फारसं काही वाटलं नाही. पण १८४९ मध्ये व्हर्डी तिला घेऊन बुसेटोला आला आणि गावात खळबळ उडाली. ज्या बारेझीने व्हर्डीला घडवलं, ज्याची मुलगी त्याची बायको होती, त्याच्याच गावात हा माणूस एका नाटकातल्या बाईला घेऊन राहायला आलेला. चर्चमध्ये ज्युसेप्पिनाच्या शेजारी कुणी बसेना. रस्त्यात कुणी बोलेना. शेवटी १८५१ मध्ये दोघं गावाबाहेरच्या सांत आगाता या शेतावर राहायला गेले.

१८५२ च्या जानेवारीत व्हर्डी आणि ज्युसेप्पिना पॅरिसमध्ये होते. तिथे त्याला बारेझीचं नाराजीचं पत्र आलं. व्हर्डीने दिलेलं उत्तर आजही वाचायला मिळतं. बारेझीचे उपकार त्याने मान्य केले, भाषा आदराची ठेवली, पण आपल्या घरात राहणाऱ्या बाईचं आपल्याशी काय नातं आहे याचा हिशोब कुणालाही द्यायला ठाम नकार दिला. तिचं वागणं असं आहे की तिला मान मिळालाच पाहिजे, हेही त्याने सुनावलं.

आणि अगदी याच दिवसांत पॅरिसमध्ये एक नाटक आलं.

कॅमेलियाची फुलं

२ फेब्रुवारी १८५२ ला अलेक्झांद्र द्युमा फिस याचं 'ला दाम ओ कामेलिया' हे नाटक पॅरिसच्या रंगभूमीवर आलं. द्युमाने आधी १८४८ मध्ये त्याची कादंबरी लिहिली होती. त्यातली नायिका खऱ्या बाईवरून घेतलेली होती. तिचं नाव मारी द्युप्लेसी. श्रीमंतांच्या पैशावर जगणारी, पॅरिसमधली नामांकित गणिका. द्युमाचे तिच्याशी काही काळ प्रेमसंबंध होते. १८४७ मध्ये वयाच्या २३ व्या वर्षी ती क्षयाने गेली.

व्हर्डीने हीच कथा ऑपेरासाठी घेतली. संहिता लिहिली त्याचा नेहमीचा लेखक फ्रान्चेस्को मारिया पियावे याने.

कथा थोडक्यात अशी. व्हायोलेटा पॅरिसची गणिका, तिला क्षय झालाय. आल्फ्रेडो नावाचा तरुण तिच्यावर मनापासून प्रेम करतो. ती जुनं आयुष्य सोडून त्याच्यासोबत गावाकडे राहायला जाते. एक दिवस आल्फ्रेडोचे वडील तिच्याकडे येतात. तुमच्या संबंधांमुळे माझ्या मुलीचं लग्न मोडेल, तेव्हा माझ्या मुलाला सोड, अशी गळ घालतात. ती सोडते आणि खरं कारण लपवते. आल्फ्रेडो चिडून भर मेजवानीत तिच्या अंगावर पैसे फेकतो. वडिलांना चूक कळते, आल्फ्रेडोला सत्य कळतं, पण तोवर उशीर झालेला असतो. व्हायोलेटा मरते.

'ला त्राव्हियाता' म्हणजे वाट चुकलेली बाई.

पण ऑपेरा बघताना प्रश्न पडतो की वाट नेमकी चुकली कुणाची? व्हायोलेटाची, की तिला माणूस म्हणून न पाहणाऱ्यांची? ही आपलीच गोष्ट आहे असा दावा व्हर्डीने केला नाही आणि बारेझी काही ऑपेरातल्या बापासारखा निष्ठुर नव्हता. तरी गावाच्या नजरा ज्युसेप्पिनाने झेलल्या, त्याच काळात व्हर्डीने हा विषय उचलला, हे साम्य नजरेआड करता येत नाही.

आजची गोष्ट, पण दीडशे वर्षं जुने कपडे

ऑपेरा म्हणजे ढोबळमानाने आपल्या संगीत नाटकासारखा प्रकार. फरक इतकाच की 'ला त्राव्हियाता'सारख्या ऑपेरात संवादसुद्धा गाऊनच होतात. तेव्हा गंभीर ऑपेरा म्हटलं की राजे, योद्धे, पुराणातली पात्रं असा थाट असायचा. प्रेक्षक ज्या कपड्यांत थिएटरला येतात, त्याच कपड्यांत स्टेजवर एक गणिका खोकत मरते, हे पचणारं नव्हतं.

व्हर्डीला नेमकं तेच हवं होतं. समोर बसलेल्या लोकांना कळलं पाहिजे की ही बाई तुमच्याच शहरातली आहे आणि तिला वाईट वागवणारे तुम्हीच आहात.

ऑपेरा होणार होता व्हेनिसच्या ला फेनिचे थिएटरमध्ये. व्हेनिस तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात, त्यामुळे प्रत्येक संहिता सेन्सॉरच्या हाताखालून जायची. 'अमोरे ए मोर्ते', म्हणजे प्रेम आणि मृत्यू, हे आधी ठरवलेलं नाव गेलं. कथेचा काळही मागे ढकलला गेला. गोष्ट साधारण १७०० सालची दाखवायची आणि कपडेही त्याच काळातले वापरायचे असं ठरलं.

म्हणजे १८५३ च्या प्रेक्षकांसमोर दीडशे वर्षांपूर्वीच्या पोशाखात लोक उभे राहिले. आरसा दाखवायचा होता, त्यावर पडदा टाकला गेला.

दुसरा घोळ गायिकेचा. व्हायोलेटाच्या भूमिकेसाठी थिएटरने फॅनी साल्विनी-डोनातेल्ली हिला घेतलं होतं. आवाजाने ती चांगली होती, पण वय ३८ च्या आसपास आणि अंगाने भरलेली. क्षयाने झिजून मरणारी तरुणी म्हणून ती पटणार नाही, अशी धास्ती व्हर्डीला होती. त्याने गायिका बदलायची मागणी केली, पण करारानुसार बदलाची मुदत टळून गेली होती.

वेळही कमी होता. १९ जानेवारी १८५३ ला रोममध्ये त्याचा 'इल त्रोवातोरे' हा ऑपेरा आला होता. 'ला त्राव्हियाता'ची तारीख होती ६ मार्च. मध्ये जेमतेम दीड महिना.

६ मार्च १८५३ ची रात्र

पहिला अंक छान गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, साल्विनी-डोनातेल्लीच्या गाण्यालाही दाद मिळाली.

दुसऱ्या अंकापासून गाडी घसरली. आल्फ्रेडो गाणाऱ्या लोदोव्हिको ग्राझियानीचा घसा बसलेला. बापाच्या भूमिकेतला फेलिचे व्हारेझी एकेकाळचा मोठा गायक, पण आता उतरणीला लागलेला आणि वाट्याला आलेल्या भूमिकेवर नाराज. शेवटच्या अंकात डॉक्टर सांगतो की क्षयामुळे व्हायोलेटाच्या हातात आता काहीच तास उरलेत. समोर उभी असलेली धडधाकट नायिका बघून प्रेक्षागृहात हशा पिकला.

ज्या क्षणाला लोकांनी रडावं म्हणून सगळा खटाटोप केला, त्या क्षणाला लोक हसले.

दुसऱ्या दिवशी व्हर्डीने मित्रांना पत्रं लिहून ऑपेरा पडल्याचं सरळ कळवलं. चूक त्याची की गायकांची, हे काळ ठरवेल, असंही लिहिलं. खरं तर पुढचे प्रयोग झाले आणि तिकीटविक्रीही वाईट नव्हती. पण व्हर्डीच्या मनातून ती रात्र गेली नाही. योग्य गायक मिळाल्याशिवाय हा ऑपेरा पुन्हा कुणाला द्यायचा नाही, असं त्याने ठरवलं.

दुसरा डाव

इथे एन्ट्री होते अंतोनियो गालो याची. हा व्हेनिसचाच व्हायोलिनवादक, सान बेनेदेत्तो नावाचं थिएटर चालवणारा. ला फेनिचेपेक्षा हे थिएटर लहान. पण गालोला ऑपेरावर विश्वास होता. पाहिजे तसे गायक आणि पाहिजे तेवढ्या तालमी, असा शब्द त्याने दिला.

व्हर्डी तेव्हा पुढच्या कामासाठी पॅरिसमध्ये होता. त्याने ऑपेरातल्या पाच जागा नव्याने लिहून काढल्या. त्यात व्हायोलेटा आणि बाप यांच्यातला दुसऱ्या अंकातला प्रसंगही होता. बाकी संगीत तसंच ठेवलं. तालमींवर लक्ष ठेवायला पियावे होता. नायिका होती मारिया स्पेझिया, तरुण आणि भूमिकेत शोभणारी.

६ मे १८५४. पहिल्या प्रयोगानंतर बरोबर १४ महिने. शहर तेच, गोष्ट तीच आणि कपडेसुद्धा अजून जुन्याच काळातले. या वेळी मात्र लोकांनी 'ला त्राव्हियाता' अक्षरशः डोक्यावर घेतला.

आज जगभर गायली जाते ती हीच सुधारलेली आवृत्ती. १८५६ मध्ये ऑपेरा लंडन आणि न्यूयॉर्कला पोहोचला. लंडनच्या वर्तमानपत्रांनी अनैतिक म्हणून झोडपलं आणि लोकांनी थिएटर भरून टाकलं. क्षयाचा जंतू शोधला जायला तेव्हा अजून २६ वर्षं होती, त्यामुळे हा आजार घरोघरी ठाऊक होता आणि व्हायोलेटाचं मरण कुणालाच परकं वाटत नव्हतं.

नायिकेला तिच्या खऱ्या काळातल्या पोशाखात बघण्यासाठी मात्र पुढे अनेक वर्षं जावी लागली.

चर्चमधलं गुपचूप लग्न

२९ ऑगस्ट १८५९ ला व्हर्डी आणि ज्युसेप्पिनाने लग्न केलं. बारा वर्षं एकत्र राहिल्यावर. जिनिव्हाजवळच्या कोलोंज नावाच्या गावात, गाजावाजा न करता. साक्षीदार कोण? त्यांना घेऊन आलेला बग्गीवाला आणि चर्चची घंटा वाजवणारा.

बारेझीशी संबंध तुटले नाहीत. उलट त्याने ज्युसेप्पिनालाही मुलीसारखं मानलं. १८६७ मध्ये तो गेला, तेव्हा दोघंही त्याच्या उशाशी होते.

याच काळात इटली एक होत होता. व्हिवा व्हर्डी, म्हणजे व्हर्डीचा विजय असो, ही घोषणा गाजली. व्हर्डीच्या नावातली इटालियन अक्षरं म्हणजे इटलीचा राजा व्हित्तोरियो इमान्युएले या शब्दांची आद्याक्षरं, असा तिचा छुपा अर्थ होता. १८६१ मध्ये व्हर्डी एकसंध इटलीच्या पहिल्या संसदेत निवडूनही गेला, पण रमला शेतातच. १८७१ मध्ये कैरोत 'आयदा' आला, १८८७ मध्ये 'ओतेल्लो'. १८९३ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्याने 'फाल्स्टाफ' हा विनोदी ऑपेरा दिला. तरुणपणी रिकाम्या घरात बसून लिहिलेला विनोदी ऑपेरा पडला होता. पन्नास वर्षांनी आलेला हा गाजला.

१८९७ मध्ये ज्युसेप्पिना गेली.

सगळ्यात आवडतं काम

स्वतःच्या सगळ्या कामांत व्हर्डीला सगळ्यात प्रिय होती एक इमारत. मिलानमध्ये त्याने स्वतःच्या पैशाने म्हाताऱ्या आणि हलाखीत जगणाऱ्या संगीत कलाकारांसाठी घर बांधलं. आवाज गेला की गायकाचं काय होतं, हे त्याने ज्युसेप्पिनाच्या रूपाने जवळून पाहिलं होतं. इमारत १८९९ मध्ये तयार झाली, पण आपल्या हयातीत ते सुरू करायचं नाही, अशी त्याची अट होती. कुणी येऊन आभार मानावेत, हे त्याला नको होतं. त्याच्या ऑपेरांची रॉयल्टी पुढे कित्येक वर्षं या घराला मिळत राहिली.

जानेवारी १९०१ मध्ये मिलानच्या हॉटेलात त्याला पक्षाघाताचा झटका आला. गाड्यांच्या चाकांचा आवाज त्याच्यापर्यंत जाऊ नये म्हणून लोकांनी रस्त्यावर गवताचा पेंढा पसरला. २७ जानेवारीला तो गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे अंत्ययात्रा साधी झाली, संगीताशिवाय.

महिन्याभराने त्याचा आणि ज्युसेप्पिनाचा देह त्या घराच्या आवारात हलवण्यात आला. तेव्हा मात्र रस्त्यावर लाखो लोक होते. तोस्कानिनी या तरुण संगीत संचालकाच्या हाताखाली शेकडो गायकांनी 'नाबुको'मधलं तेच समूहगान गायलं.

जिच्या शेजारी चर्चमध्ये कुणी बसत नव्हतं, ती बाई आज व्हर्डीच्या शेजारी विसावली आहे. घर आजही सुरू आहे, तिथे निवृत्त कलाकार राहतात.

आणि व्हायोलेटा? १९५५ मध्ये ला स्कालात दिग्दर्शक लुकिनो व्हिस्कोन्तीने मारिया कॅलासला घेऊन ती नव्याने उभी केली. १९९० च्या 'प्रिटी वुमन' सिनेमात रिचर्ड गेअर ज्युलिया रॉबर्ट्सला जो ऑपेरा दाखवायला नेतो आणि ती रडते, तो हाच. २००५ मध्ये साल्झबुर्गला आना नेत्रेब्कोची व्हायोलेटा लाल ड्रेसमध्ये एका प्रचंड घड्याळासमोर गायली. २०१९ मध्ये तिच्या हातात मोबाईल आला.

दर वेळी काही प्रेक्षकांना हे खटकतं. पण व्हर्डीला १८५३ मध्ये जे करू दिलं नाही, ते हेच होतं. समोर बसलेल्या माणसाला स्वतःच्याच काळातली व्हायोलेटा दिसली पाहिजे, म्हणजे तिच्याशी आपण कसे वागतो हा प्रश्न घरी जाताना त्याच्यासोबत जातो.